सिलोसो किल्ला अन् क्रूझ एकाच दिवशी करताय? आधी टर्मिनल कोणतं ते बघा

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली अन् तेव्हापासून डोक्यातून जाईना. संध्याकाळी ५ ला सिंगापूरहून क्रूझ सुटणार, सकाळ मोकळी, वडील रिटायर्ड फौजी, गुडघ्यांचा त्रास, त्यांना सेंटोसावरचा सिलोसो किल्ला दाखवायचाय, अन् "किल्ला पोर्टच्या जवळच आहे म्हणतात, मग जमेल ना?" असं तुम्ही विचारलंय. आमचा प्लॅन अगदी हाच होता. आम्ही परभणीचे, पाच जण, माझे वडील तोफखान्यातून रिटायर झालेले. किल्ला बघितला, पण क्रूझ चुकली. म्हणून जरा लांबलचक लिहितोय, कंटाळा आला तरी वाचा.

व्हिसा, अरायव्हल कार्ड वगैरे तुम्ही केलंच असेल, त्यात जात नाही.

सिंगापूरला क्रूझची टर्मिनल दोन आहेत. एक हार्बरफ्रंटला, व्हिवोसिटी मॉलला लागून, समोरच सेंटोसा बेट. दुसरं मरीना बे क्रूझ सेंटर, ते पार दुसरीकडं, मरीना साउथ पियर मेट्रो स्टेशनजवळ. किल्ला पोर्टच्या जवळ आहे हे पहिल्या टर्मिनलपुरतं खरं आहे. आमचं जहाज दुसऱ्यावर लागलेलं होतं, अन् हे आम्हाला दुपारी ३ वाजता कळलं.

झालं असं की बुकिंग इथल्याच एका एजन्सीकडून केलेलं. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. त्यांच्या व्हाउचरवर "सिंगापूर क्रूझ टर्मिनल, रिपोर्टिंग ३:३०" एवढंच छापलेलं. मी मॅपवर टाकलं तर हार्बरफ्रंट आलं, किल्ल्याच्या शेजारीच, म्हणलं वा, सोय झाली. सकाळी किल्ला केला, लिटल इंडियातल्या हॉटेलातून बॅगा उचलल्या अन् पावणेतीनला हार्बरफ्रंटला हजर. आत जाऊन बघतो तर बाटमच्या फेरीबोटींची काउंटरं, इंडोनेशियाला जाणारी माणसं, अन् क्रूझची रांग कुठंच नाही. पहिली दहा मिनिटं तर आपणच लवकर आलो असं वाटत होतं. मग एका काउंटरवरच्या बाईंनी व्हाउचरवरचं जहाजाचं नाव वाचलं अन् हळूच म्हणाल्या, हे जहाज मरीना बेला असतं.

एजन्सीला फोन लावला. आपल्याकडं तेव्हा दुपारचा पाऊण वाजलेला, म्हणजे ऑफिस उघडंच होतं. पहिल्यांदा "साहेब मीटिंगमध्ये आहेत", दुसऱ्यांदा "तुम्ही व्हॉट्सॲपवर टाका", तिसऱ्यांदा उचललाच नाही. बाहेर पाऊस कोसळायला लागलेला, टॅक्सीला ही मोठी रांग, एका टॅक्सीत चारच माणसं घेतात म्हणून दोन टॅक्स्या, त्यात बॅगा. मरीना बेला पोचलो तेव्हा ३:४० झाले होते अन् चेक-इन बंद. व्हाउचरवरची साडेतीनची वेळ रिपोर्टिंगची नव्हतीच, ती काउंटर बंद व्हायची वेळ होती. प्रवाशांची यादी इमिग्रेशनला गेली, आता काही करता येत नाही म्हणाले. जहाज समोर उभं, पाच वाजेपर्यंत तिथंच उभं, अन् आई बॅगेवर बसून त्याच्याकडं बघत राहिली, एक शब्द बोलली नाही. पैशाचं एक वेळ सोडा, ते बघणं माझ्याच्यानं अजून विसरलं जात नाही.

आता खरी चूक कुठं झाली ते सांगतो, कारण ती तुमच्याकडूनही होऊ शकते. बुकिंगच्या फॉर्मवर आमच्या ईमेलच्या जागी एजन्सीनं स्वतःचा ईमेल टाकला होता. "सर तुम्ही कशाला त्रास घेता, आम्ही वेब चेक-इन करून देतो" म्हणाले अन् मी हो म्हणलं. जहाज कंपनीनं बोर्डिंग पास पाठवलेला, त्यावर टर्मिनलचं नाव, यायची वेळ, गेट बंद व्हायची वेळ, सगळं स्वच्छ लिहिलेलं. तो मेल त्यांच्या इनबॉक्समध्ये पडून होता. आम्हाला दिलं ते त्यांनी स्वतः टाइप केलेलं व्हाउचर. परत आल्यावर उत्तर काय, तर "नो-शो आहे (म्हणजे तुम्ही वेळेवर हजरच झाला नाहीत), रिफंड बसत नाही". पाच जणांचे पैसे गेले.

तर आजच्या आज एजन्सीला सांगा की बुकिंग नंबर अन् जहाज कंपनीचा मूळ बोर्डिंग पास आमच्या ईमेलवर पाठवा. टाळाटाळ केली तर सरळ कंपनीच्या वेबसाइटवर बुकिंग नंबर टाकून स्वतः काढा. माझं तर आता स्पष्ट मत आहे की ईमेल अन् मोबाइल नंबर स्वतःचाच, हे लेखी मान्य नसेल तर त्या एजन्सीकडून बुकिंगच करू नये. सगळ्या एजन्स्या अशा नसतात हे मान्य, पण तपासायला पाच मिनिटं लागतात. अन् एक, उद्या असं काही घडलंच तर माझ्यासारखं फोनवर भांडत महिने घालवू नका. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, अन् जिल्हा ग्राहक आयोगात आपण राहतो त्या जिल्ह्यातच केस टाकता येते, मुदत दोन वर्षांची असते. मी वकील नाही, नीट विचारून घ्या, पण मला हे वेळेत कुणी सांगितलं नाही.

बरं, किल्ल्याचं. क्रूझ हुकल्यामुळं दुसऱ्या दिवशी काहीच काम नव्हतं, वडील म्हणाले चला परत किल्ल्यावर. पहिल्या दिवशी दीड तासात उरकलेलं, त्या दिवशी चार तास फिरलो. तुमच्या वडलांना तोफांची आवड असेल तर दोन तासांच्या खाली जमत नाही. गुडघ्याचं म्हणालात, तर वर चढायची चिंता नको, स्कायवॉकला लिफ्ट आहे, अकरा मजल्यांइतकी उंची, अन् वरून १८१ मीटरचा सपाट पूल थेट किल्ल्याकडं जातो. आम्हाला स्कायवॉक, किल्ला, कशालाच तिकीट लागलं नाही. आत मात्र थोडा चढउतार अन् भुयारं आहेत, दमट इतकं की शर्ट पिळून काढावा. पाणी अन् टोपी घ्याच.

किल्ला म्हणजे आपल्या देवगिरीसारखा तट-बुरूज-खंदक नाही, ते डोक्यातून काढा. १८७० च्या दशकात इंग्रजांनी बंदराच्या पश्चिम तोंडावर टेकडीत बसवलेला तोफखाना आहे, सुएझ कालवा झाला अन् जहाजांची ये-जा वाढली म्हणून. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या तोफा समुद्राकडं तोंड करून होत्या, जपानी मागून, जमिनीकडून आले, अशी गोष्ट सगळीकडं ऐकायला मिळते. वडील ते ऐकून चिडले. तोफेच्या बैठकीवर हात ठेवून, गोल फिरलेला लोखंडी रूळ बोटानं दाखवत म्हणाले, ही फिरते की, आपली देवगिरीवरची मेंढा तोफ फिरते तशी. अन् खरंच, सिलोसोच्या तोफांनी जमिनीकडंही मारा केला होता. सिंगापूर बेटावरच्या मोठ्या तोफांची अडचण गोळ्यांची होती, जहाजाचं पोलाद फोडायचे गोळे भरपूर अन् पायदळावर टाकायचे कमी.

शरणागतीच्या दालनात मेणाचे पुतळे आहेत, १५ फेब्रुवारी १९४२ ला इंग्रजांचा सेनापती पर्सिव्हल जपानी सेनापती यामाशिताला शरण गेला तो प्रसंग. तो घडला फोर्ड मोटारींच्या कारखान्यात, किल्ल्यात नाही, मुलांना सांगून ठेवा. अन् आपल्याकडच्यांनी माहीत असावं असं एक, त्या लढाईत मलायात (आताच्या मलेशियात) कोटा भारूच्या विमानतळावर निझामाच्या हैदराबाद संस्थानाची पलटण होती. तेव्हा आपला मराठवाडा त्याच संस्थानात. एखादा दिवस जास्तीचा असेल तर सिंगापूरातलंच क्रांजीचं युद्धस्मारक करा, तिथल्या भिंतींवर ज्यांची कबरही सापडली नाही अशा २४,००० हून जास्त लोकांची नावं आहेत, हिंदुस्थानी खूप. वडील तिथं बराच वेळ टोपी काढून उभे होते.

तुमच्या वेळेचं माझं गणित असं: जहाज हार्बरफ्रंटला असेल तर सकाळी १० ला किल्ला, १२ ला खाली, सहज जमतं. मरीना बेला असेल तर बॅगा घेऊन ११:३० नंतर सेंटोसावर थांबूच नका, नाहीतर किल्ला परतीच्या दिवशी ठेवा, जहाज सकाळी लागतं अन् आपली फ्लाइट बहुतेक रात्रीची असते, बॅगा तेवढ्या हॉटेलात किंवा लॉकरला टाका. किल्ल्याच्या वेळा जायच्या आधी एकदा बघून घ्या, आम्ही गेलो त्यानंतर बदलल्या असतील.

मूळ पासवर टर्मिनलचं नाव काय लिहिलंय ते मिळालं की इथंच टाका, बाकीचं त्यावरून बसवू.