स्पोर्ट्‌स कारला 225 ऐवजी 255 चे टायर टाकले तर गाडी वळणावर जास्त चांगली चालेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: मागच्या चाकांना ताकद देणारी दोन दारांची गाडी, इंजिन पुढे, चारही चाकांना 225/45 आर17 टायर (225 मिमी रुंद, बाजूची उंची रुंदीच्या 45 टक्के, 17 इंच व्यासाच्या रिमसाठी), रिम साडेसात इंच रुंद. टायर झिजत आलेत आणि त्याच रिमवर 255 टाकायचेत, निदान मागे तरी. मी असतो तर टाकले नसते. त्याच मापाचे, पण दोन पायऱ्या वरच्या दर्जाचे टायर घेतले असते. आणि 255 च हवे असतील तर रिमसुद्धा बदलावे लागतील, ते खर्चात धरूनच चला.

रुंद टायर म्हणजे जमिनीला जास्त रबर टेकणार, हा हिशेब ऐकायला सरळ वाटतो, पण तसा तो नाही. टायरचा जो ठसा रस्त्यावर पडतो, त्याचं क्षेत्रफळ मुख्यतः चाकावरचं वजन आणि आतल्या हवेचा दाब यांवर ठरतं. वजन तेच, हवा तेवढीच, तर ठसाही साधारण तेवढाच. बदलतो तो आकार. आधी लांबट होता, आता आडवा नि आखूड होतो. टायरच्या सांगाड्याच्या कडकपणामुळे थोडं इकडेतिकडे होतं, पण 225 चे 255 केले म्हणून पकड त्याच प्रमाणात वाढली असं होत नाही.

मग शर्यतीच्या गाड्यांचे टायर एवढे रुंद का? एक म्हणजे उष्णता. घर्षणाने होणारा ताप जास्त रबरात वाटला जातो, त्यामुळे टायर लवकर कढत नाही आणि मऊ, चिकट रबर वापरलं तरी टिकतं. दुसरं, मोठ्या टायरची वजन पेलायची क्षमता जास्त असते, म्हणून तो कमी हवेवर चालवता येतो, आणि हवा कमी केली की मग ठसा खरोखरच मोठा होतो. तुमच्या मापाचा टायर सहसा 91 लोड इंडेक्सचा, म्हणजे 615 किलो पेलणारा असतो. 255/40 आर17 साधारण 94 चा, म्हणजे 670 किलोचा. तिसरं कारण रबराच्या स्वभावातलं आहे: भार दुप्पट केला म्हणून पकड दुप्पट होत नाही, थोडी कमीच भरते. वळणात बाहेरच्या चाकांवर भार लोटला जातो तेव्हा हे जाणवतं, आणि तिथे रुंद टायर कमी हरतो.

पण यातला पहिला फायदा ट्रॅकवर फेऱ्यामागून फेऱ्या मारताना मिळतो. रोजच्या रस्त्यावर रुंद टायर पुरेसा गरम होतच नाही, आणि थंड टायरची पकड त्याच्या कागदावरच्या गुणांएवढी नसते. म्हणून मी आधी रबर बघायला सांगतो. साध्या, आरामासाठी बनवलेल्या टूरिंग टायरवरून पकडीवर भर देणाऱ्या चांगल्या समर परफॉर्मन्स टायरवर आलात तर ब्रेकिंगमध्ये आणि वळणात जो फरक पडेल, तो नुसती 30 मिमी रुंदी वाढवून पडणार नाही.

आता रिमचा मुद्दा, जो दुकानात बहुतेक वेळा उडवून लावला जातो. 225/45 आर17 साठी 7 ते साडेआठ इंच रिम चालते. 255/40 आर17 ला किमान साडेआठ लागते. तुमच्या साडेसातवर तो चढेल, हवाही धरेल, पण साइडवॉल, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंती, आत खेचल्या जातील आणि टायर मधोमध फुगीर होईल. मग स्टिअरिंग वळवल्यावर आधी साइडवॉल मुडपते आणि गाडी एक क्षण थांबून मग वळते. म्हणजे ज्या तीक्ष्णपणासाठी पैसे टाकले, नेमका तोच गेला. आहे त्याच रिमवर एक पायरी वर जायचंच असेल तर 235/45 बसतो. साडेसात इंच ही त्याच्यासाठी खालची मर्यादा आहे. व्यास मात्र साधारण 634 चा 643 मिमी होतो, त्यामुळे स्पीडोमीटर दीड टक्क्याच्या आसपास कमी दाखवेल. या बाबतीत 255/40 उलट जवळचा आहे, 636 मिमी.

नुसते मागे रुंद टाकायचे का, तर नको. पोर्शे 911 च्या सध्याच्या पिढीत करेरा एसला पुढे 245 आणि मागे 305 आहेत, पण तिचं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे लटकलेलं असतं. तुमच्या गाडीचा तोल कंपनीने चारही चाकं सारखी धरून जुळवलाय. मागची पकड वाढवली आणि पुढची तेवढीच ठेवली की वळणात नाक बाहेर जायला लागतं, अंडरस्टिअर वाढतो. गाडी सुरक्षित वाटेल, पण मजा जाईल. मागून जाडजूड चाकं दिसायला झकास दिसतात, हे मला मान्य आहे. तेवढ्यासाठीच करत असाल तर माझा वाद नाही.

मजेवरून आठवलं. टोयोटाने 2012 मध्ये जीटी86 आणली तेव्हा तिला मुद्दाम 215 चे टायर दिले होते, तेही मिशेलिनचे प्रायमसी, प्रियससारख्या गाडीला शोभतील असे. कमी वेगातही मागचं चाक हलकंसं सुटावं आणि चालवणाऱ्याला ते कळावं, हा हेतू. रुंद, कमी उंचीच्या टायरची मर्यादा वरची असते, पण ती आली की गाडी झटकन सुटते, आधी फारशी सूचना मिळत नाही.

पावसाचंही बोललं पाहिजे. रुंद टायरला जास्त पाणी बाजूला सारावं लागतं, त्यामुळे तो पाण्यावर तरंगायला कमी वेग पुरतो, आणि नक्षी अर्धी झिजल्यावर तर फारच. शिवाय रस्त्यावर जड वाहनांनी पाडलेल्या चाकोऱ्या असतील तर स्टिअरिंग त्यांच्या मागे ओढ घेतं. सरळ रस्त्यावरही हात सैल सोडता येत नाहीत.

एवढं वाचूनही साडेआठ इंची रिम आणि 255 घेणार असाल, तर ऑफसेट, म्हणजे रिमच्या मधल्या रेषेपासून ती गाडीला जिथे टेकते तिथपर्यंतचं अंतर, नीट जुळवा. तोच ऑफसेट ठेवलात तर रिमची कड आतल्या आणि बाहेरच्या बाजूला प्रत्येकी 12.7 मिमी पुढे येईल. बसवल्यावर चाकाच्या कमानीत आतून आणि सस्पेन्शनच्या स्ट्रटजवळ मऊ मातीचे गोळे चिकटवा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, गाडीत माणसं बसवून एखाद्या उंचवट्यावरून न्या. माती जिथे दबली तिथे टायर घासणार. मग अलाइनमेंट करून घ्या, आणि हवेचा दाब ठरवायला टायरच्या कडेवर, नक्षीपासून साइडवॉलपर्यंत, खडूने आडव्या रेघा ओढा. चार जोरकस वळणं मोकळ्या, सुरक्षित जागी घेऊन या. साइडवॉलवरचा खडूही पुसला गेला असेल तर हवा कमी आहे, नक्षीच्या कडेवरचा तसाच राहिला असेल तर जास्त.