जुन्या विंडोज टॅबलेटवर ओएस/२ वॉर्प ४ चालवता येईल का?

आपण विचारले आहे की, वडिलांनी १९९७ साली घेतलेल्या संगणकावर ओएस/२ वॉर्प ४ ही आयबीएमची जुनी प्रणाली होती आणि त्यावर त्यांनी रेक्स या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत स्वतः लिहिलेला काटोलच्या संत्राबागेचा हिशेब आहे. संगणकाचा मदरबोर्ड आता गेला असला तरी हार्ड डिस्क, वॉर्पची मूळ सीडी आणि फ्लॉप्या घरात आहेत. तर कपाटात पडून असलेल्या आठ इंची विंडोज टॅबलेटवर, म्हणजे अ‍ॅटम झेड३७३५एफ प्रोसेसर आणि दोन जीबी रॅम असलेल्या, तो हिशेब पुन्हा उघडता येईल का.

उघडता येईल. मात्र ओएस/२ थेट टॅबलेटवर बसवण्याच्या मागे आपण लागू नये. टॅबलेटवर आधी लिनक्स, लिनक्समध्ये व्हर्च्युअलबॉक्स हा आभासी संगणक उभा करणारा प्रोग्रॅम आणि त्याच्या आत वॉर्प ४, अशी मांडणी करावी. मी नागपुरातच राहते आणि याच प्रोसेसरच्या टॅबलेटवर हे काम केले आहे, म्हणून जिथे अडचण येते तिथले जरा सविस्तर लिहिते.

टॅबलेटला हात लावण्याआधी वडिलांच्या हार्ड डिस्कचे पाहावे, कारण टॅबलेट बिघडला तर दुसरा मिळेल, ती डिस्क दुसरी मिळणार नाही. त्या डिस्कवरच्या फाइली पेन ड्राइव्हवर कॉपी करून घेणे पुरेसे आहे असे कोणीही आपल्याला सांगेल, आणि तिथेच नुकसान होते. ओएस/२ मध्ये प्रत्येक फाइलीच्या मजकुराखेरीज तिला जोडलेली आणखी माहिती असते, जिला एक्स्टेंडेड अ‍ॅट्रिब्यूट्स म्हणतात. ही माहिती एका फाइलीमागे ६४ केबीपर्यंत असू शकते आणि ती फाइलीच्या आत नसून एचपीएफएस या फाइलप्रणालीत स्वतंत्रपणे ठेवलेली असते. फाइलीचे चित्र, म्हणजे आयकॉन, त्यात असते. वर्कप्लेस शेलमध्ये, म्हणजे ओएस/२ च्या डेस्कटॉपमध्ये, फाइलीच्या सेटिंग्जच्या वहीत ‘फाइल’ नावाचे जे पान आहे, त्यावर लिहिलेला विषय, शेरे, शोधशब्द आणि इतिहास हेही त्यातच असते. विंडोजच्या पेन ड्राइव्हवर फाइल गेली की मजकूर पोहोचतो आणि ही सगळी माहिती मागे राहते.

हे मी स्वतः अनुभवले आहे. नव्वदच्या दशकात मी ज्या प्रयोगशाळेत काम करत होते, तिथल्या माती परीक्षणाच्या नोंदी वॉर्पवर होत्या, आणि प्रयोगशाळा बंद झाल्यावर तो संगणक माझ्याकडे आला. मी उत्साहाने सगळ्या फाइली कॉपी करून घेतल्या. आकडे सगळे होते. पण आमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांनी प्रत्येक नमुन्याच्या फाइलीला शेरा लिहून ठेवलेला असे, ‘पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी घेतलेला नमुना’ अशा प्रकारचा, तो एकाही फाइलीला उरला नव्हता. मूळ डिस्क मी पुसली नव्हती एवढ्यामुळेच ते शेरे आज माझ्याकडे आहेत. आपल्या वडिलांनी मृग बहार आणि आंबिया बहार यांच्या फाइलींना असे काही लिहून ठेवले असेल, तर ते त्यांचे हस्ताक्षर जपावे तसे जपायला हवे.

म्हणून फाइली नव्हे, अख्खी डिस्कच जशीच्या तशी उतरवून घ्यावी. अशी जुन्या आयडीई जोडणीची डिस्क यूएसबीला जोडणारा अ‍ॅडॉप्टर नागपुरात सीताबर्डीवर मिळतो. डिस्कवरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरवर असल्याची खात्री करावी, अ‍ॅडॉप्टरला स्वतःचा वीजपुरवठा असावा आणि हे काम टॅबलेटवर न करता एखाद्या चांगल्या लॅपटॉपवर लिनक्स सुरू करून करावे. जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रोग्रॅम डिस्कच्या पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत सगळे एका मोठ्या फाइलीत उतरवतो आणि जिथे डिस्क वाचता येत नाही तिथे अडून न बसता पुढे जाऊन नंतर पुन्हा प्रयत्न करतो. तयार झालेल्या या फाइलीच्या, म्हणजे डिस्कच्या प्रतिमेच्या, दोन प्रती कराव्यात: एक कधीही न उघडण्याची, दुसरी कामाची. हे होईपर्यंत त्या डिस्कवर काहीही लिहू नये, विंडोजला ती दाखवूही नये. कारण विंडोज ती ओळखत नाही आणि ‘फॉरमॅट करू का’ असे विचारते, आणि घरातले कोणीतरी घाईत ‘हो’ म्हणू शकते.

आता थेट का बसवू नये, ते सांगते. ओएस/२ ची पहिली आवृत्ती आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून डिसेंबर १९८७ मध्ये आणली, १९९२ ची दुसरी आवृत्ती आयबीएमने एकट्याने काढली, वॉर्प ४ हे १९९६ चे आहे आणि आयबीएमने २००६ अखेर त्याचा पाठिंबा थांबवला. वॉर्प ४ सुरू होताना बायोसकडे, म्हणजे यंत्र सुरू करणाऱ्या अंगभूत प्रोग्रॅमकडे, मदत मागते, डिस्क आयडीईवर शोधते, आणि कीबोर्ड व माउस पीएस/२ किंवा सीरियल पोर्टवर असल्याचे धरून चालते. आपला टॅबलेट २०१४ च्या आसपासच्या पिढीचा आहे. त्यात बायोस नाही, त्याची जागा घेणारी यूईएफआय आहे, आणि तीही ३२ बिटांची. साठवण ईएमएमसी या बोर्डावरच्या चिपवर आहे, वायफाय एसडीआयओ या जोडणीवर, आणि स्पर्शपडदा आय२सी नावाच्या अगदी वेगळ्या तारेवर. म्हणजे वॉर्पला जे जे ओळखीचे आहे त्यातले या यंत्रात जवळजवळ काहीच नाही. ओएस/२ चा आजचा वारस असलेली आर्काओएस ही प्रणाली २०१७ पासून विकत मिळते आणि २०२३ मध्ये आलेल्या तिच्या ५.१ आवृत्तीपासून ती यूईएफआयवरही सुरू होते. पुढेमागे एखाद्या साध्या लॅपटॉपवर तिचा विचार आपण अवश्य करावा. या टॅबलेटसाठी मात्र मधे लिनक्स असणेच योग्य आहे, कारण ही सगळी नवी यंत्रे लिनक्स सांभाळते आणि वॉर्पला त्याच्या ओळखीचे जुने यंत्र व्हर्च्युअलबॉक्स उभे करून देते.

लिनक्स म्हणून मी डेबियन घेतले. प्रोसेसर ६४ बिटांचा पण यूईएफआय ३२ बिटांची, या विचित्र जोडीमुळे बहुतेक लिनक्सच्या पेन ड्राइव्ह या टॅबलेटला दिसतच नाहीत, त्यांच्यात ‘बूटआयए३२.ईएफआय’ ही फाइल नसते. डेबियनने २०१५ च्या आठव्या आवृत्तीपासून या जोडीची सोय केली आहे. यूईएफआयमधले सिक्युअर बूट बंद करावे, नाहीतर लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसणारे व्हर्च्युअलबॉक्सचे भाग (मॉड्यूल) नंतर चढत नाहीत. विंडोज पुसण्याआधी त्यातला ड्रायव्हरचा संपूर्ण फोल्डर दुसरीकडे ठेवून द्यावा, कारण काही टॅबलेटांच्या स्पर्शपडद्याला लागणारी फर्मवेअर फाइल फक्त तिथेच असते आणि मागाहून ती शोधणे फार जिकिरीचे होते. पहिल्यांदा सुरू केल्यावर सगळी अक्षरे आडवी दिसतील. पडदा मुळात उभ्या मांडणीचा असल्यामुळे तसे होते, त्यात बिघाड काही नाही, आणि डेस्कटॉप आल्यावर दिशा फिरवता येते. दोन जीबी रॅममध्ये एलएक्सडीई किंवा एक्सएफसीई यांसारखा हलकाच डेस्कटॉप घ्यावा. जुन्या कर्नलवर हे प्रोसेसर मधूनच गोठत असत, म्हणून कर्नल नवेच असावे.

यानंतर व्हर्च्युअलबॉक्स. ओएस/२ ला प्रोसेसरच्या आभासी यंत्रांसाठीच्या सोयीची, म्हणजे व्हीटी-एक्सची, सक्त गरज असते, कारण ही प्रणाली प्रोसेसरची ‘रिंग २’ ही अधिकारांची पातळी वापरते, जिला इतर प्रणाली सहसा हात लावत नाहीत. आपल्या प्रोसेसरमध्ये ती सोय आहे. नवे यंत्र तयार करताना प्रकार ‘ओएस/२ वॉर्प ४’ निवडावा, रॅम १२८ एमबी द्यावी आणि आभासी डिस्क एक जीबीच्या आतच ठेवावी. १९९६ च्या इन्स्टॉलरला मोठी डिस्क दाखवण्यात काहीच लाभ नाही. फ्लॉप्यांच्या प्रतिमा यूएसबी फ्लॉपी ड्राइव्हवरून काढून घ्याव्यात आणि इन्स्टॉलर मागेल त्या क्रमाने आभासी ड्राइव्हमध्ये बदलत जावे. मधेच सीडी सापडत नाही असे त्याने सांगितले, तर आयबीएमने नंतर दिलेले आयडीईचे ड्रायव्हर ‘डिस्केट १’ या फ्लॉपीच्या प्रतिमेत घालावे लागतात. मला ते करावे लागले.

वॉर्प नीट चालू झाले की वडिलांच्या डिस्कची कामाची प्रत व्हर्च्युअलबॉक्सच्या व्हीडीआय स्वरूपात बदलून त्याच यंत्राला दुसरी डिस्क म्हणून जोडावी. तीच पहिली डिस्क म्हणून लावून त्यांचाच डेस्कटॉप जसाच्या तसा पाहण्याचा मोह होईल आणि तो मी चुकीचा म्हणणार नाही. फक्त त्यात त्यांच्या जुन्या डिस्प्ले कार्डाचा ड्रायव्हर असणार, म्हणून पडदा काळा राहू शकतो. सुरू होताना वरच्या डाव्या कोपऱ्यात ओएस/२ असे लिहिलेला छोटा पांढरा चौकोन क्षणभर दिसतो. तो दिसताच ऑल्ट आणि एफ१ दाबावे, येणाऱ्या यादीत एफ३ दाबून साधा व्हीजीए पडदा निवडावा. माझ्याकडे चौथ्या प्रयत्नात ती वेळ साधली, आणि मग सोळा रंगांत का होईना, पण त्या सहकाऱ्यांनी लावून ठेवलेली फोल्डरे त्यांच्या जागी दिसली. मी बराच वेळ काहीही न करता ती नुसती पाहत बसले होते.

बोटाने वापरण्याबद्दल आपण विचारले आहे. ओएस/२ मध्ये वस्तू ओढण्यासाठी माउसचे उजवे बटण वापरतात, आणि डेस्कटॉपच्या मोकळ्या जागेवर दोन्ही बटणे एकदम दाबली की उघडलेल्या खिडक्यांची यादी येते. बोटाने हे जमत नाही. आतल्या प्रणालीत बसवायच्या व्हर्च्युअलबॉक्सच्या गेस्ट अ‍ॅडिशन्समध्ये ओएस/२ साठीही ड्रायव्हर आहेत, ते बसवल्यावर बाण बोटामागे येऊ शकतो. तरीही आठ इंची पडद्यावर आकडे भरायचे असतील तर माउस आणि कीबोर्ड घ्यावाच. आपल्या टॅबलेटला बहुधा एकच मायक्रो यूएसबी पोर्ट असेल, ज्यातून एकतर चार्जिंग होते किंवा ओटीजी चालते, म्हणजे इतर यूएसबी उपकरणे जोडता येतात. म्हणून सगळे बसवून होईपर्यंत ओटीजी हब वापरावा, त्याआधी बॅटरी पूर्ण भरून घ्यावी, आणि नंतर ब्लूटूथचे माउस-कीबोर्ड जोडून पोर्ट चार्जिंगसाठी मोकळा ठेवावा.

नागपूरच्या उन्हाळ्याचाही विचार करावा लागतो. या टॅबलेटात पंखा नसतो, आणि तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. मी नवतपात दुपारी तीन वाजता इन्स्टॉलेशन सुरू केले तेव्हा ते एकाच टक्क्यावर खिळून राहिले. तेच पहाटे, कूलरसमोर, तासाभरात संपले. रबरी कव्हर काढून टॅबलेट फरशीवर ठेवला तरी फरक पडतो. मात्र कूलरच्या थेट झोतात ठेवू नये, हवेत पाण्याचे बारीक तुषार असतात.

हिशेब उघडल्यावर दोन गोष्टी पाहाव्यात. रेक्समध्ये दिनांक मागण्याचे अनेक प्रकार आहेत. ‘डेट’ला ‘एस’ दिले तर वर्ष चार आकडी येते, ‘ई’ दिले तर दोन आकडी. वडिलांनी दोन आकडी घेतले असेल, तर २००० नंतरच्या नोंदी १९९८ च्या आधी लागलेल्या दिसतील. नोंदी हरवलेल्या नसतात, केवळ क्रम चुकलेला असतो. दुसरे असे की, त्यांचा प्रोग्रॅम निव्वळ मजकुराच्या फाइली वाचत असेल, तर रेजिना नावाचा मोफत रेक्स दुभाष्या, म्हणजे रेक्समध्ये लिहिलेले चालवणारा प्रोग्रॅम, लिनक्सवर मिळतो आणि तो हिशेब ओएस/२ शिवायही चालू शकेल. रोजच्या वापराला ते सोयीचे पडेल. शेरे आणि फोल्डरांची मांडणी पाहायची असेल तेव्हा वॉर्पमध्ये जावे.

अहवाल बाहेर काढण्यासाठी नेटवर्कच्या खटाटोपाची गरज नाही. एक रिकामी १.४४ एमबीची आभासी फ्लॉपी जोडावी, त्यावर फाइल ठेवावी आणि ती प्रतिमा लिनक्समध्ये उघडावी. एका हंगामाचा हिशेब तिच्यात सहज मावतो.

आणि वॉर्प बंद करताना खिडकी थेट मिटू नये. डेस्कटॉपवर उजवे बटण दाबून शटडाउन निवडावे आणि आता संगणक बंद केला तरी चालेल असा संदेश येईपर्यंत थांबावे. ते यंत्र आपणहून बंद होत नाही, संदेश दाखवून तसेच उभे राहते. तो दिसल्यावरच व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी मिटावी, नाहीतर पुढच्या वेळी एचपीएफएसची तपासणी पहिल्यापासून शेवटपर्यंत चालते आणि टॅबलेटवर ती चांगलीच वेळ खाते.