संपाचा हक्क, जुनी पेन्शन आणि टी-पॉइंटवरचं निवेदन: वाचकांचे प्रश्न

हिवाळी अधिवेशन जवळ आलं की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांचा सूर बदलतो. ग्रॅच्युइटी नि रजेचे हिशोब मागे पडतात आणि संप, मेस्मा (अत्यावश्यक सेवांतल्या संपाला बंदी घालणारा राज्याचा कायदा), मान्यता हे शब्द वाढतात. यावेळी तसेच पाच प्रश्न घेतले आहेत. ओळख पटेल असा तपशील गाळला आहे.

प्रश्न: मी काटोल तालुक्यात जिल्हा परिषद शिक्षिका आहे. मार्च 2023 च्या जुन्या पेन्शनच्या संपात होते. संघटना काढायचा हक्क घटनेने दिला आहे, मग संप बेकायदा कसा?

मॅडम, घटनेच्या 19 व्या कलमात संघटनेचा हक्क आहे, संपाचा नाही. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिहारच्या एका प्रकरणात सांगितलं की सरकारी नोकरांच्या शांततेच्या निदर्शनांवर सरसकट बंदी घालता येणार नाही, पण संप हा मूलभूत हक्क नव्हे. 2003 मध्ये न्यायालय आणखी पुढे गेलं. तामिळनाडूत जयललितांच्या सरकारने संपावरच्या सुमारे 1 लाख 70 हजार लोकांना एका फटक्यात बडतर्फ केलं होतं. त्या खटल्यात न्यायालय म्हणालं, सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, कायद्याने दिलेला नाही आणि नैतिकही नाही. बहुतेकांना नंतर माफीनामा लिहून घेऊन परत घेतलं. ‘नैतिकही नाही’ हे मला आजही पटत नाही. नैतिकता ठरवण्याचं काम न्यायालयाला कोणी सांगितलं नव्हतं.

पण खरं दुखणं संपाच्या आधी सुरू होतं. तुमच्याशी वाटाघाटी करायलाच हव्यात, असं राज्य सरकारला बांधून घालणारा कायदा नाही. केंद्राच्या कर्मचाऱ्यांसाठी 1966 पासून संयुक्त सल्लागार यंत्रणा आहे. तिथे बोलणी फिसकटली तर लवादाकडे जाता येतं, तेही पगार-भत्ते, कामाचे तास आणि रजा एवढ्यापुरतंच. तुमच्याकडे काय? नागपूरच्या अधिवेशनात मोर्चा काढायचा, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला कठड्यांपाशी थांबायचं, पोलिसांनी पाच नावं मागितली की आपसात दहा मिनिटं वाद घालून पाच नावं द्यायची. ते पाच जण गाडीतून विधानभवनात जातात. मंत्री भेटले तर भेटले, नाहीतर स्वीय सहायक निवेदन घेतात आणि दुसऱ्या प्रतीवर पोच देतात. बाहेर हजारो माणसं रस्त्यावर पेपर अंथरून बसलेली असतात, त्यांना माईकवरून सांगितलं जातं, ‘सकारात्मक चर्चा झाली.’

वाटाघाट म्हणून तुमच्या वाट्याला हेच येतं. म्हणून गोष्ट संपावर जाते आणि संपावर गेली की मेस्मा येतो. 2023 मध्ये तुमचा संप चालू असतानाच विधिमंडळाने तो कायदा नव्याने मंजूर केला. 14 मार्चला सुरू झालेला संप 20 तारखेला समितीच्या आश्वासनावर मिटला. डिसेंबरात, नागपूरच्या अधिवेशनाच्या काळात, पुन्हा हाक द्यावी लागली. ऑगस्ट 2024 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने केंद्राची एकीकृत पेन्शन योजना स्वीकारली: 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन. तुमच्या संपाशिवाय हे झालं असतं असं मला वाटत नाही. मात्र कोणा पक्षाच्या भरवशावर राहू नका. विरोधी बाकांवर बसलं की जुनी पेन्शन सगळ्यांनाच गोड लागते. राज्यात 1 नोव्हेंबर 2005 पासून ती बंद करणारं सरकार काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं.

प्रश्न: मी एसटीत चालक आहे, गणेशपेठ आगार. 2021 च्या संपात आम्ही मान्यताप्राप्त संघटनेलाही जुमानलं नाही. एसटीचं राज्य सरकारात विलीनीकरण झालं असतं तर आमचं भलंच झालं असतं ना?

पगारापुरतं झालं असतं. पण त्याची किंमत काय, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही.

एसटी महामंडळ आहे, म्हणून कायद्याच्या भाषेत तुम्ही कामगार आहात. राज्याच्या 1971 च्या कायद्यात ज्या संघटनेकडे सलग सहा महिने किमान 30 टक्के सभासद आहेत, तिला मान्यता मागता येते. अशा संघटनेला वाटाघाटीचा हक्क असतो आणि तिच्याशी झालेला करार सर्वांना लागू होतो. 14 दिवसांची नोटीस आणि सभासदांचं मतदान पार पाडून संपही करता येतो. शिक्षिका मॅडमकडे यातलं काहीच नाही. म्हणजे तुम्ही जे मागत होतात, त्यात टेबलाशी बसण्याचा स्वतःचा हक्क सोडणं आलंच.

तरी तुमचा राग मला समजतो. टेबल होतं, पण त्यातून वर्षानुवर्षं फारसं काही निघत नव्हतं. ऑक्टोबरात संघटनांनी महागाई भत्त्यावर मिटवलं, आगारातली माणसं उठली नाहीत. मग करार करायचा कोणाशी, हा प्रश्न तेव्हाच्या महाविकास आघाडी सरकारलाही पडला. सरकारने नोव्हेंबरात सेवेच्या वर्षांनुसार मूळ वेतनात 5,000, 4,000 आणि 2,500 रुपयांची वाढ एकतर्फी जाहीर केली. समितीने विलीनीकरण नाकारलं आणि शेवटी उच्च न्यायालयाने 22 एप्रिल 2022 पर्यंत कामावर या, म्हणून सांगितलं. साडेपाच महिने संप चालला, पण दोन्हीकडच्या सह्या असलेला करार त्यातून निघाला नाही. संघटना नकोशी झाली तर ती बदला. संघटनाच नको म्हणालात, तर सरकारलाही तेच हवं असतं.

प्रश्न: माझे मिस्टर अंबाझरीच्या आयुध निर्माणीत आहेत. 2021 मध्ये संपाची नोटीस दिली होती, पण संप झालाच नाही. घाबरले का?

घाबरण्यासारखंच होतं, ताई. देशातल्या 41 आयुध निर्माणींचं कंपन्यांत रूपांतर करायचं ठरलं तेव्हा डाव्या, काँग्रेसी आणि भारतीय मजदूर संघाच्या अशा तिन्ही महासंघांनी 26 जुलैपासून बेमुदत संपाची घोषणा केली. त्याआधीच 30 जूनला अध्यादेश आला: संरक्षण उत्पादनात संप केला तर एक वर्षापर्यंत कैद, चिथावणी दिली तर दोन वर्षं. ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला आणि 1 ऑक्टोबरला सात कंपन्या उभ्या राहिल्या. त्यातल्या यंत्र इंडियाचं मुख्यालय आपल्या अंबाझरीलाच आहे. संपबंदीचा कायदा ठरलेल्या मुदतीत संपला, पण तोवर काम झालं होतं. मिस्टरांना प्रतिनियुक्तीवर, म्हणजे कंपनीत पाठवलेले सरकारी कर्मचारी, मानलं गेलं होतं. त्यांचे सेवाशर्तींचे आदेश वेळच्या वेळी मागून घरी फाईलला लावून ठेवा. पुढे वाद झाला तर तेच कामी येतील.

प्रश्न: मुलगा अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात आहे. तिथे सरकारी संघटनांचे हक्क काढून घेतले म्हणतो. एवढ्या श्रीमंत देशात हे कसं? (धरमपेठ)

काका, गंमत म्हणजे सरकारी संघटनांना सौद्याचा, म्हणजे वाटाघाटीचा, हक्क 1959 मध्ये सर्वांत आधी देणारं राज्य तेच. 2011 मध्ये गव्हर्नर स्कॉट वॉकर यांनी तूट भरून काढायची म्हणून ‘अ‍ॅक्ट 10’ आणला. सौदा फक्त मूळ पगाराचा आणि तोही महागाईच्या मर्यादेत. वर्गणीची पगारातून कपात बंद. दरवर्षी संघटनेने सभासदांचं मतदान घेऊन अस्तित्व सिद्ध करायचं आणि त्यासाठी एकूण कर्मचाऱ्यांपैकी 51 टक्के हवेत, म्हणजे मत द्यायला न आलेला विरोधातच धरायचा. पोलीस आणि अग्निशमन दलाला मात्र वगळलं. कोणाला दुखवायचं नाही, हे राजकारण्यांना कुठेही बरोबर कळतं. विरोधी पक्षाचे 14 सिनेटर गणसंख्या मोडायला शेजारच्या इलिनॉयला निघून गेले, हजारो लोकांनी राजधानीचं सभागृह व्यापलं, तरी कायदा झाला. 2012 मध्ये त्यांना पदावरून परत बोलावण्यासाठी झालेल्या मतदानात वॉकर टिकले. डिसेंबर 2024 मध्ये एका न्यायाधीशाने कायद्याचा बराच भाग घटनाबाह्य ठरवला आणि प्रकरण अपिलात गेलं.

पैशाची बाब तिथल्या संघटनांनी आधीच मान्य केली होती. पेन्शन नि विम्याचा जादा वाटा भरू, पण सौद्याचा हक्क ठेवा, असं त्या म्हणत होत्या. वॉकर ऐकले नाहीत. यावरून तूट हे निमित्त होतं, असं मी मानतो.

प्रश्न: आम्ही वीज कंपनीत आहोत. संप न म्हणता सगळ्यांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर चालेल का? (काटोल रोड)

नाही. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत निम्म्या किंवा जास्त कामगारांनी ठरवून एकाच दिवशी घेतलेली रजा संपच धरली आहे. नोटीस दिल्यावर 14 दिवस थांबावं लागतं, आणि समेटाची बोलणी सुरू झाली की तोवर संप करता येत नाही. जानेवारी 2023 मध्ये खासगी कंपनीला वीज वितरणाचा समांतर परवाना देण्याविरुद्ध पुकारलेला 72 तासांचा संप पहिल्याच दिवशी चर्चेवर मिटला, मेस्मा लावलेला असतानाही. तेव्हा नोटीस रीतसर द्या, मागण्या पाचाच्या वर नेऊ नका आणि चर्चेला जाताना इतिवृत्तावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्याशिवाय उठू नका. इतिवृत्त नंतर पाठवतो म्हणाले, तर तिथेच हाताने लिहून घ्या.