पूजा चालू आहे, मन मात्र नाही

पत्र : माझा धाकटा भाऊ आयसीयूत होता तेव्हा बाहेरच्या खुर्चीवर बसून मी अथर्वशीर्षाची हजार आवर्तनं पुरी केली. नवसही बोलले. तो गेला. सासूबाई म्हणाल्या, "श्रद्धा कमी पडली असेल." घरातली पूजा माझ्याकडेच आहे. सकाळी सगळे उठायच्या आत करते. हात चालतात, आत काहीच नसतं. मुलगी म्हणते, "तुझा विश्वास नाही, मग कशाला करतेस?" मावशी, मी ढोंगी आहे का? आणि तो नवस फेडायचा का?

बाळ,

घर झोपलेलं असताना, कुणी बघत नसताना कोण ढोंग करतं? तो शब्द स्वतःला लावू नकोस.

सासूबाईंचं वाक्यही मनातून काढून टाक. त्या दुष्टपणाने बोलल्या असतील असं मला वाटत नाही. अवेळी मरण आलं की माणसं कारण शोधतात आणि जवळ असेल त्याच्या माथी मारतात. पण वाक्य क्रूर आहे, आणि खोटंही.

आता हजार आवर्तनांचं. फलश्रुतीतच म्हटलंय की सहस्रावर्तनाने हवं ते साध्य होतं. शब्दशः धरलं तर दिलेला शब्द पाळला गेला नाही, म्हणून तुझा राग रास्त आहे. "देवाची इच्छा" म्हणत मी त्यावर पांघरूण घालणार नाही.

तुकोबांकडे बघ. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात त्यांची पहिली बायको अन्न अन्न करत गेली. व्यापार बुडाला. त्यानंतर त्यांनी काय केलं, ते त्यांनीच एका अभंगात सांगितलंय : देऊळ मोडकळीला आलं होतं, ते नीट करावंसं वाटलं, एकादशीला कीर्तन करू लागलो, सुरुवातीला अभ्यासात चित्त नव्हतं. हे मला फार मोलाचं वाटतं. चित्त नव्हतं तरी ते उभे राहिले. पुढे याच माणसाने "माझे लेखी देव मेला" असंही विठ्ठलाला सुनावलं, आणि तरी गात राहिला. आपल्याकडे देवाशी भांडण हा भक्तीतलाच प्रकार आहे, त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही.

म्हणून पूजा सोडू नकोस, लहान कर. मोजून करायचं ते सगळं सध्या बंद : आवर्तनं, माळा, एकवीस दुर्वा. स्नान, एक फूल, निरांजन, बस. मग भावाबद्दल देवाशी सरळ मराठीत बोल. रागाने बोललीस तरी चालेल, नाही बोलावंसं वाटलं तर गप्प बस. फक्त भीतीपोटी हात जोडू नकोस. एखाद्या दिवशी अगदीच नको वाटलं तर नवऱ्याला सांग. पूजा सुनेनेच करायची असं थोडंच आहे?

मुलीला खरं ते सांग : विश्वास आहे की नाही ते मलाही कळत नाहीये, पण अजून त्याच्याशी बोलणं संपलेलं नाही. तेवढं तिला समजेल.

झोप-जेवण बिघडलं असेल, दिवस दिवस काही सुचत नसेल, तर मात्र देवघरावर विसंबू नकोस. सरकारच्या टेली मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन कर, मराठीत बोलता येतं.

आणि नवस? काम झालं तर फेडायचा, हाच नवसाचा नियम. तुझं देणं काही उरलेलं नाही. कुणी फारच आग्रह धरला तर मावशीने सांगितलंय म्हण.

तुझी,
मावशी