एकाच डोळ्यात गाठ, घराण्यात कुणालाच नाही, तरी जनुकीय तपासणी कशासाठी?

तुमच्या दीड वर्षाच्या पुतण्याच्या एका डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे दृष्टिपटलाचा (डोळ्याच्या आतल्या पडद्याचा) कर्करोग निघालाय आणि घराण्यात हा आजार कुणालाच नसताना डॉक्टर जनुकीय तपासणी करायला सांगतायत, असं तुम्ही लिहिलंय. मी डॉक्टर नाही, कॉलेजात जनुकशास्त्र शिकवते. तरी सांगते, तपासणी टाळू नका.

१३व्या गुणसूत्रावर आरबी१ नावाचं जनुक असतं. त्यापासून बनणारं प्रथिन पेशीच्या विभाजनाला लगाम घालतं. जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. एक बिघडली तरी दुसरी निभावून नेते. दृष्टिपटल घडत असताना त्यातल्या एखाद्या पेशीतल्या दोन्ही प्रती गेल्या की गाठ धरते. म्हणून हा आजार बहुतेक वेळा पाच वर्षांच्या आतच दिसतो.

हे ताडलं अमेरिकेतल्या अल्फ्रेड नडसन यांनी, १९७१ मध्ये, अवघ्या ४८ रुग्णांच्या नोंदींवरून. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचं निदान लवकर होत होतं, एकाच डोळ्यात असलेल्यांचं बहुधा उशिरा. पहिल्या मुलांमध्ये एक प्रत जन्मापासूनच बिघडलेली, त्यामुळे एकच घाव पुरतो. दुसऱ्यांमध्ये बहुतेकदा दोन्ही घाव नंतर, एकाच पेशीवर बसावे लागतात. तेव्हा ते जनुक कुणी पाहिलंही नव्हतं! ते हाती लागलं १९८६ मध्ये. वर्गात हे शिकवताना मला आजही भरून येतं.

आता तुमचा प्रश्न. एकाच डोळ्यात गाठ असलेल्या मुलांपैकीही साधारण १५ टक्के मुलांच्या शरीरभर तो बिघाड असतो. आणि तो बरेचदा आईवडिलांकडे नसतोच, शुक्राणू किंवा बीजांड तयार होताना नव्याने घडतो. तसं निघालं तर दुसऱ्या डोळ्यावर आणि पुढे हाडांच्या कर्करोगावर लक्ष ठेवावं लागतं, भावंडांचे डोळे तपासावे लागतात. त्याच्या स्वतःच्या प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी.

घरात कुणी ग्रहणाचा किंवा आईच्या खाण्यापिण्याचा विषय काढला तर कृपया तिथेच थांबवा. तिच्या हातून काहीही चुकलेलं नाही.

आणि डोळा काढायचं ठरलंच, तर गाठीचा नमुना जनुकीय तपासणीसाठी राखून ठेवायला शस्त्रक्रियेआधीच सांगा. रक्तात नेमका कुठला बिघाड शोधायचा, ते त्यावरून कळतं.