सुटे भाग दरमहा मागवावेत की वर्षाचे एकदम?

प्रश्न: मी अमेरिकेत राहतो. लेगो या प्लास्टिकच्या बांधणी-खेळण्याच्या सुट्या भागांतून एक मोठी इमारत उभारतो आहे. जर्मनीतल्या विक्रेत्याकडून दरमहा ६० डॉलरचे भाग येतात, वर १८ डॉलर शिपिंग. पूर्वी एवढ्यावर भागायचं. आता ९ डॉलर ड्यूटी (आयात कर) आणि १४ डॉलर कुरियरची हाताळणी फी लागते. म्हणून वर्षाचे सगळे भाग एकदम मागवून टाकावेत असं वाटतं. त्यासाठी अडीअडचणीला ठेवलेल्या ३,००० डॉलरमधून ९०० काढीन आणि दरमहा थोडे थोडे भरून टाकीन. इथले विक्रेते साधारण २५ टक्के महाग आहेत. काय करावं?

उत्तर: ठेवीच्या पैशाला हात लावू नका. त्याचं कारण तुमच्याच आकड्यांत आहे.

तुमचं ७८ डॉलरचं पार्सल आता १०१ डॉलरला पडतं. वाढ २३ डॉलरची, पण त्यात ड्यूटी फक्त ९. बाकीचे १४ कुरियरचे, आणि पार्सल ६० डॉलरचं असो वा ६०० चं, ते बहुतेक तेवढेच राहतात. (काही कंपन्या ड्यूटीच्या रकमेवर टक्केवारीही लावतात, फीचा तक्ता एकदा नीट वाचा.) म्हणजे तुमचा खिसा सरकारी दरापेक्षा ऑर्डरच्या लहानपणामुळे जास्त कापला जातो.

ऑर्डर मोठी केली की काय होतं ते पाहा. शिपिंग वजनाबरोबर वाढतं, पण त्याच पटीत नाही. १८० डॉलरच्या पार्सलला २६ आणि ७२० डॉलरच्या पार्सलला ५२ धरतो. तुमच्या विक्रेत्याचे खरे आकडे इथे घाला. दरमहा मागवलंत तर वर्षाला १,२१२ डॉलर. तिमाहीला एकदा मागवलंत तर १८० चा माल, २६ शिपिंग, २७ ड्यूटी, १४ फी मिळून २४७. चार वेळचे ९८८. वर्षाचं एकदम मागवलंत तर ७२० अधिक ५२ अधिक १०८ अधिक १४, म्हणजे ८९४.

महिन्यावरून तिमाहीवर येताच २२४ डॉलर वाचले. तिथून पुढे वर्षाच्या एकगठ्ठा ऑर्डरपर्यंत गेलात तर आणखी फक्त ९४. या ९४ साठी तुम्ही ठेवीचा जवळजवळ तिसरा हिस्सा प्लास्टिकच्या डब्यात नेऊन ठेवणार. मधे गाडीचं काम निघालं किंवा नोकरीत खंड पडला, तर त्या विटा कुणी त्याच भावाला परत घेत नाही. शिवाय वर्षभराची यादी आज अचूक निघत नाही. आराखडा अर्ध्यात बदलतो, जवळच्या दोन छटांमध्ये गफलत होते, आणि हजारातले शंभर भाग चुकले तरी ते ९४ डॉलर हातचे गेले. क्रेडिट कार्डावर थकबाकी ठेवून, व्याज भरत मागवायचा विचार असेल तर हिशेब करण्याचीही गरज नाही.

दर वाढण्याआधी साठा करून ठेवावा, हा मोह समजण्यासारखा आहे. पण तिमाहीच्या ऑर्डरवर दर ५ टक्क्यांनी इकडेतिकडे झाला तर फरक पडतो ९ डॉलरचा. तुमच्या बिलात १५ टक्के लागले म्हणून मी तोच दर धरला. मागवायच्या दिवशी चालू दर पाहा. खरा बदल दराचा नाही, सवलत गेल्याचा आहे. २०१६ पासून अमेरिकेत ८०० डॉलरपर्यंतचं पार्सल ड्यूटीशिवाय येत होतं. चीन आणि हाँगकाँगसाठी ही सोय २ मे २०२५ ला संपली, बाकी सगळ्या देशांसाठी २९ ऑगस्ट २०२५ ला. शिवाय १ जुलै २०२७ पासून ती कायद्यातूनच काढून टाकण्याची तरतूदही झाली आहे. तेव्हा 'थोडं थांबू, सूट परत येईल' या आशेवर खरेदी लांबवू नका, आणि घाबरून साठाही करू नका.

आता इथल्या २५ टक्के महाग विक्रेत्याकडे वळू. तो महाग आहे तो फक्त भागांच्या किमतीत. १८० चा माल त्याच्याकडे २२५ ला, आठेक डॉलर शिपिंग धरून २३३. जर्मनीहून तोच २४७. म्हणजे तिमाहीच्या ऑर्डरला इथला विक्रेता सुमारे ३३ टक्के महाग असेपर्यंत परवडतो, आणि ६० डॉलरच्या ऑर्डरला तर थेट ५५ टक्क्यांपर्यंत. साध्या विटा, प्लेटा, नेहमीचे रंग, जे कुठेही ढिगाने मिळतात, ते इथेच घ्या. परदेशी यादीत उरावेत दुर्मीळ रंग, बंद झालेले साचे, आणि इथे दीडपट-दुप्पट भाव असलेले भाग. त्यांची यादी साठवत जा आणि सहा महिन्यांनी एकाच विक्रेत्याकडून मागवा. तीन विक्रेत्यांत यादी विभागलीत तर तीन वेळा १४ डॉलर जातील; भाग थोडा महाग पडला तरी एकाच दुकानात जास्तीत जास्त यादी बसवणं स्वस्त पडतं.

समजा ७० टक्के माल इथला आणि ३० टक्के बाहेरचा, तर वर्षाचा खर्च ९७५ च्या आसपास येतो. तिमाही परदेशी ऑर्डरीपेक्षा फार कमी नाही, हे खरं. पण वर्षातून दोनच पार्सलं कस्टम्समधून जातील, आणि एकावेळी २५० डॉलरहून जास्त पैसे अडकणार नाहीत.

या दोन पार्सलांत गडबड कुठे होते, तेही पाहून ठेवा. सगळ्यात मोठा घोळ मूळ देशाचा. ड्यूटी ठरते ती माल कुठे बनला त्यावरून, पार्सल कुठून निघालं त्यावरून नाही. लेगोचे कारखाने डेन्मार्क, हंगेरी, चेकिया, मेक्सिको, चीन आणि आता व्हिएतनाममध्येही आहेत. जर्मनीहून आलेल्या डब्यातला भाग चीनमध्ये बनलेला असेल तर त्याला चीनचाच दर. वापरलेल्या विटांच्या ढिगातली कुठली कुठे बनली हे विक्रेत्यालाही सहसा सांगता येत नाही, म्हणून तो कागदावर काय लिहिणार हे पैसे भरण्याआधी विचारून घ्या.

बिलावर नुसतं 'टॉइज' लिहिलेलं पार्सल अडकतं. हवं ते असं: प्लास्टिकच्या बांधणी-खेळण्याचे भाग, नवे की वापरलेले, नग किती, दर काय, मूळ देश, आणि वर्गवारी क्रमांक ९५०३.००. या वर्गाचा अमेरिकेतला मूळ दर शून्य आहे, लागतो तो वरून बसवलेला ज्यादा दर. चुकून दुसऱ्या प्लास्टिक वस्तूंमध्ये टाकलं गेलं तर मूळ दरही अंगावर येतो. शिपिंग बिलात वेगळं दाखवायला सांगा. अमेरिका मालाच्या किमतीवर ड्यूटी लावते, आंतरराष्ट्रीय वाहतुकीवर नाही. पण दोन्ही मिळून एकच रकम लिहिली तर वाहतुकीवरही ड्यूटी भरून बसाल.

ड्यूटी विक्रेत्याने आधीच भरून पाठवायची सोय असेल तर तिची किंमत विचारा. दारात वसूल होणाऱ्या फीपेक्षा ती बहुधा कमी असते आणि एकूण आकडा आधीच कळतो. पार्सल नाकारून सुटका होईल असं समजू नका. परतीचा खर्च परताव्यातून कापला जाऊ शकतो.

पार्सलचे तुकडे करणं आता उलट महागात पडतं. 'भेट' लिहून घेणं तर नकोच. १०० डॉलरपर्यंतची सूट खऱ्या भेटीला आहे, तुम्ही पैसे मोजलेल्या मालाला नाही; आणि किंमत कमी लिहून घेतलीत तर पार्सल हरवल्यावर भरपाईही तेवढीच मिळेल.

पैसे युरोमध्येच भरा, परकी चलनाची फी नसलेल्या कार्डाने. ३ टक्के फीचं कार्ड असेल तर १८० डॉलरवर ५.४० डॉलर गेले, म्हणजे ड्यूटीच्या पाचव्या भागाएवढे. आणि सध्या दरमहा जाणारे १०१ डॉलर तसेच बाजूला काढत राहा, वेगळ्या खात्यात. पहिली ऑर्डर त्यातूनच निघेल आणि वर्षाअखेर दोनशेच्या वर उरतील. ते मात्र ठेवीत टाका, ३,००० तशीही कमीच आहे.