रंग छान लागतात, पण चित्राला उठाव का येत नाही?

तुम्ही लिहिलंय की चांगल्यातले जलरंग घेतले, रंग मिसळायलाही शिकलात, तरी चित्र सपाटच दिसतं. मग चित्र जमतं ते नेमकं कशामुळं? माझं उत्तर असं की तुमचा रंग चुकत नसावा, उजेड-अंधार चुकत असावा. आमच्या भाषेत टोन. मी हे फार उशिरा शिकलो, आणि तेही मिरचीच्या ढिगानं शिकवलं.

मी परभणीकडचा, शाळेत चित्रकला शिकवतो. एका उन्हाळ्यात मोंढ्याजवळ, म्हणजे धान्यबाजाराजवळ बसून वाळल्या मिरचीचा ढीग रंगवला. मागं हिरवी ताडपत्री बांधलेली. लालभडक मिरची, त्यामागं हिरवं, म्हणजे विरोधी रंग. चित्र हमखास उठणार म्हणून मी खुशीत. घरी आणून भिंतीला टेकवलं तर काहीतरी मेल्यासारखं वाटायला लागलं. पोरीनं मोबाइलवर फोटो काढला आणि काळा-पांढरा करून माझ्यापुढं धरला. ढीग गायब! मिरची जितकी राखाडी, तितकीच ताडपत्री राखाडी. दोन तास खपून मी एकाच टोनचे दोन रंग शेजारी लावले होते. आणि कोपऱ्यातली दुकानाची पाटी तेवढी पांढरीफटक सोडलेली, त्यामुळं नजर मिरचीवर न जाता आधी पाटीवर जायची.

दुसऱ्या दिवशी नवा कागद घेतला. रंगाला हात लावण्याआधी काडेपेटीएवढ्या चार चौकटी आखल्या आणि पेन्सिलीनं फक्त तीन टोन भरून बघितले : कोरा कागद, मधला, गडद. तिसऱ्या चौकटीत जमलं. ताडपत्री जवळजवळ काळपट केली, ढिगाच्या उन्हाकडच्या अंगाला रंग पाण्यासारखा पातळ ठेवला, पाटी मधल्या टोनमध्ये बुडवली. मिरचीचा लाल रंग आदल्या दिवशीचाच होता, पण आता ती तापल्यासारखी दिसायला लागली. रचना म्हणजे मला तरी एवढंच कळलंय : सगळ्यात उजळ आणि सगळ्यात गडद हे जिथं एकमेकाला भिडतात तिथं नजर जाते, म्हणून ती जागा आधी ठरवायची. वस्तू मधोमध नको वगैरे नियम आहेत, पण ते नंतर.

जलरंगात आणखी एक फसगत असते. ओला असताना रंग गडद दिसतो आणि वाळला की फिका पडतो. नवा माणूस गडद लावायला आधीच घाबरतो, त्यात हे. मग सगळं चित्र मधल्या टोनमध्ये अडकतं. आपल्याकडच्या उन्हाचाही त्यात हात आहे. एप्रिलच्या दुपारी सावल्या पायाखाली येतात, काळी जमीनसुद्धा सुकून राखाडी पडते, सगळंच पांढुरकं. म्हणून नऊच्या आत किंवा पाचनंतर बसा.

रंग बिनमहत्त्वाचा असं मी म्हणत नाही, पण तो थोडका असला तरी भागतं. अजिंठ्याला गेलात तर पहिल्या क्रमांकाच्या लेण्यातल्या बोधिसत्त्व पद्मपाणीच्या भित्तिचित्रापुढं जरा वेळ थांबा. गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळी, पांढरा, असला मोजका माल. निळा तेवढा बाहेरून आलेला. पण भोवतालची गर्दी दबलेल्या रंगात आणि चेहऱ्यावर, नाकाच्या कडेला उजळ रेघ. लेण्यातल्या मंद उजेडात रंग नीट कळत नाहीत, चेहरा मात्र कळतो. तसंच चित्रकार सा. ल. हळदणकरांचं, दिवा हातानं आडोशाला धरलेल्या बाईचं १९४५-४६ मधलं जलरंगचित्र. ते मैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे, आणि बऱ्याच जणांना ते रविवर्म्याचं वाटतं. कागदापेक्षा उजळ तर काही रंगवता येत नाही. मग दिवा पेटलेला का वाटतो? भोवती अंधार आहे म्हणून!

आपल्याकडं एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीत आधी बाह्यरेषा काढायची आणि मग आत रंग भरायचा, ही सवय हाडात मुरते. मीही पोरांना वर्षानुवर्षं तसंच शिकवलं, त्यामुळं तुम्हाला दोष देत नाही. ती मोडायला डोळे किलकिले करून बघायचं. रेषा आणि बारकावे विरतात, नुसते उजेडाचे आणि अंधाराचे डाग उरतात. ते डाग कागदावर आणायचे.

पहिलं मिरचीचं चित्र मी फाडलं नाही. त्याची काळी-पांढरी झेरॉक्स वर्गात लावून ठेवलीय, आणि नव्या पोरांना त्यातली मिरची शोधायला लावतो.